वाकून जायची वाडी

वाणगाव स्टेशनच्या तिकीट खिडकीवरून घरी आला, की यतीन चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसतो. गेम जुना आहे, बंदुकीचा. तो स्वतः त्यात फारशा गोळ्या झाडत नाही. त्याला आवडतं ते जागा बांधणं: भिंत कुठे, दार कुठे, उजेड कुठून येईल, पळणाऱ्याला आडोसा कुठे मिळेल. अशा जागेला खेळणारे ‘मॅप’ म्हणतात. आजवर त्याने गोदामं बांधली, किल्ले बांधले, कधी न पाहिलेल्या बर्फातला लष्करी तळही बांधला. या वर्षी मात्र त्याने घोलवड घेतलं. बायकोच्या, श्रुतिकाच्या, माहेरची चिकूवाडी.

त्याचा प्रत्येक मॅप आधी तलासरीचा विनोद खेळून बघतो. त्याचा फोन आला.

“भाई, काय बनवलंयस! मी कुंपणाच्या कोपऱ्यात बसून एकेकाला टिपला. मध्ये उठून जेवून आलो, तरी जिंकलो.”

खरंच होतं. सरळ रांगांमधून या टोकाचं त्या टोकाला दिसत होतं. यतीनने झाडं इकडेतिकडे सरकवली. खेळ रंगू लागला. विनोद खूश.

श्रुतिका मागे येऊन उभी राहिली.

“ही कोणाची वाडी?”

“तुमचीच.”

“बाबांनी दोरी धरून झाडं लावलीत. ही तर ताडी पिऊन लावल्यासारखी दिसतायत.”

“खेळ चालला पाहिजे ना गं.”

“चालव की. फक्त घोलवड नाव नको देऊस.”

ती हसतच बोलली, पण पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं नाही. यतीनने नाव पुसलं. दुसरं काही सुचेना. रांगा सरळ ठेवाव्यात तर खेळ मरतो, मोडाव्यात तर वाडी.

रविवारी ती दोघं घोलवडला गेली. सासरे दशरथराव चिकू उतरवून घेत होते. यतीन रांगांचे फोटो काढत चालला होता.

“यतीनराव, वाका!”

तोवर फांदी कपाळावर बसली होती.

“चिकूला जावईबिवई कळत नाही हो,” सासरे म्हणाले.

कपाळ चोळत यतीन खाली बसला. रांग अगदी सरळ होती, तरी दोन झाडांपलीकडचं काही दिसत नव्हतं. फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. त्याने वापरलं होतं ते गेममधलं तयार झाड: उंच उघडं खोड, पानं फक्त शेंड्याला. कुठल्यातरी परक्या देशातलं.

घरी येऊन त्याने रांगा पुन्हा सरळ केल्या आणि चिकूचं झाड स्वतः घडवलं. एवढी पानं जुन्या कॉम्प्युटरला पेलेनात. समुद्राकडची अर्धी वाडी काढून टाकावी लागली, ते त्याला लागलं.

“आता मला कोण मारतं तेच कळत नाही,” विनोद म्हणाला.

“मजा येते?”

“भीती वाटते. म्हणजे येते.”

मग यतीनने शत्रू बंद केले आणि खुर्ची श्रुतिकाला दिली. ती फाटकातून आत शिरली, पहिल्या रांगेने चालली आणि एका झाडापाशी थांबली. बराच वेळ थांबली. पुन्हा काही चुकलं, असं यतीनला वाटलं.

“काय झालं?”

“वाकायचं बटण कुठलं?”

त्याने दाखवलं. ती फांदीखालून पलीकडे गेली, डावीकडे वळली, गोल फिरून बघू लागली.

“आता घोलवड नाव टाक,” ती म्हणाली. “आणि इथली विहीर राहिलीय.”