चौदा नंबरच्या खोलीतून आलेली ओ

साल १९७४. मी एकतीस वर्षांचा. शिक्षण दुसरी, पण भूतखेत, करणी असल्या गोष्टींना कधी मान दिला नाही. आजही देत नाही. तरी हे लिहितोय...

सांगलीत हळदीच्या पेठेमागं वीस खोल्यांची सरकारी चाळ होती. मी तिथला मुकादम. भाडेकरू स्वतः राहतो का, हे बघायला महिन्याला हजेरी व्हायची. मी अंगणातून तीन हाका मारायच्या, नवऱ्यानं नाहीतर बायकोनं आतून ओ द्यायची. शेजाऱ्याची ओ चालायची नाही. लागोपाठ तीन हजेऱ्या चुकल्या की खोलीला कुलूप.

चौदा नंबरात शंकर शिंपी आणि यमुनाबाई, वडूजकडची. दोघंही जन्मापासून बहिरी, मुकी. हजेरीचा दिवससुद्धा मी ओरडूनच सांगायचो. त्यांच्या दोन चुकल्या. यमुनाबाईनं एकदा मला हाताला धरून दारापाशी नेलं, कानावर हात ठेवले, मग दार हलवून दाखवलं — असं कर म्हणून. मी हात सोडवून घेतला. म्हणालो, नेम सगळ्यांना सारखा. तेही कुणाला, तर जिला ऐकू येत नाही तिला!

तिसऱ्या हजेरीला सकाळी दहाला हजेरी लिहून घेणारे साहेब आले. कुलूप माझ्या हातात. नव्या भाडेकरूची ट्रंक फाटकात येऊन पडलेली. शेजारची हौसाक्का म्हणाली, "आरं मुकादमा, भिताडाला हाळी देतूयास व्हय?"

पहिली हाक. दुसरी. सगळी चाळ अंगणात उभी, चौदाच्या लोटलेल्या दाराकडं बघत. तिसरी हाक मारली.

आणि आतून बाईचा आवाज आला. सावकाश, स्पष्ट — "हायती जी... घरातच हायती."

बायकोचीच ओ समजून साहेबांनी हजर लिहिलं आणि पुढं गेले. मी दार ढकललं. आत दोघंच. शंकर मशिनीवर, पाठमोरा. यमुनाबाई भिंतीकडं तोंड करून काजं करत होती, ओठांत सुई धरलेली. उजेड पडला तशी दचकून वळली, कुलूप बघितलं आणि रडायला लागली. तो घोगरा आवाज आणि मघाची ओ... काही मेळ नव्हता.

हौसाक्काला दरडावलं. "मी तुझ्याम्होरंच हुते की रं," ती म्हणाली. खरं होतं. चाळीतल्या सगळ्या बायका माझ्या नजरेसमोर होत्या. मागच्या खिडकीखाली गटार, तिथं पाय ठेवायला जागा नाही.

बोललं कोण? मला आजही माहीत नाही. भ्यालो नाही मी, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेतून सुतळी आणली. चौदाच्या दाराला भोक पाडून ती आत घेतली, आढ्यावरून मशिनीसमोर सोडली, टोकाला लाल चिंधी बांधली. साहेबांना विचारलं नाही. मग बाहेर आलो आणि तोंड मिटून सुतळी ओढली. तीनदा ओढणार होतो... पहिल्याच ओढीला यमुनाबाईनं दार उघडलं.