गाळून पाजलेलं पाणी

फाल्गुनातल्या त्या सकाळी अंगणात दोन वास एकमेकांत मिसळले होते. कूलरला नुकत्याच लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांचा ओला, गार वास आणि गाडीच्या उघड्या बॉनेटमधून येणारा तेलाचा उग्र वास. कडुलिंबाची पिवळी पानं गिरक्या घेत थेट इंजिनावर उतरत होती आणि आमचे हे ती एकेक करून वेचत होते. दुसरं काही त्यांच्या हातात नव्हतंच.

गाडी आमच्या मुलीहून दोन वर्षांनी मोठी. आठवड्यापूर्वी कळमेश्वरहून परतताना तिनं वाफेचा लोट सोडला आणि ती रस्त्याच्या कडेला बसली. इंजिन तापलं की पाण्याला वाट करून देणारी एक लहानशी झडप असते, ती अडकली होती. आणि तिच्यावरचं झाकण दोन गंजलेल्या बोल्टांनी घट्ट धरून ठेवलं होतं. "बोल्ट आतमंदी तुटला तं इंजिनचं अख्खं हेड उतरवा लागन, काका," सदर भागातून आलेल्या गजूभाऊ मेकॅनिकनी गाडी पहिल्यांदा बघतानाच सांगून टाकलं होतं. तसं झालं तर गाडी भंगारात द्यायची, असं ह्यांनी पुण्याच्या मुलीला फोनवर कबूल केलं होतं. कबूल केलं त्या दिवसापासून हे धड जेवले नव्हते.

मला वाटलं होतं, आज गजूभाऊ जोर लावतील, घण घालतील. त्यांनी बोल्टांवर तेल सोडलं आणि निवांत चहा घेतला. मग बोल्ट ज्योतीनं तापवून त्याच्या मानेशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत झिरपत गेलं. शेवटी पाना लावला, तोही उलट्या दिशेनं.

"टाइट काहून करून राहिला गा?" हे कासावीस होऊन म्हणाले.

"आधी तिकडं जराक हालवा लागते त्याले, मंग तो इकडं येते."

पहिला बोल्ट तासाभरानं कुरकुरत बाहेर आला. दुसरा करकरला तेव्हा ह्यांनी अंगणातल्या विहिरीकडे तोंड फिरवलं, आणि ज्या गाडीला मी आयुष्यभर माझी सवत म्हणून चिडवत आले, तिच्यासाठी मी चक्क गणपतीला साकडं घातलं. तो अखंड निघाला. मला इतकं हलकं वाटलं की गजूभाऊंना मी दुसऱ्यांदा चहा विचारायचंही विसरले.

झाकण उघडलं तर आत तांबूस-पांढरा जाड थर. पांढरा मी लगेच ओळखला. दर रविवारी पाणी तापवायच्या पातेल्यातून लिंबानं घासून काढते तोच. आमच्या विहिरीचं पाणी जड. तेच पाणी हे रोज सकाळी, स्वतःच्या चहाआधी, फडक्यानं गाळून गाडीला पाजत आले होते. इंजिन थंड ठेवायला बाजारात मिळणारं हिरवं कूलंट त्यांना आळशी माणसांचं वाटायचं. गजूभाऊंनी थराकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता खरवडायला सुरुवात केली. त्या न बोलण्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

बऱ्याच वेळानं हे स्वतःच हसले. "म्हणजे मीच तिले रोज गंज पाजून राहिलो होतो."

"गाळून पाजला ना पण, काका," गजूभाऊ मान वर न करता म्हणाले.

संध्याकाळी नवी झडप बसली, हिरवं पाणी भरलं गेलं आणि गाडी घरासमोरच्या गल्लीत दोन फेऱ्या मारून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं भरलेला तांब्या घेऊन हे गाडीपाशी गेले, बॉनेटवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि मग ते पाणी त्यांनी अंगणातल्या मोहोर आलेल्या कडुलिंबाला घातलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी ते पाहत होते. हातात फोन होता. मुलीला फोन करायची ती माझी रोजची वेळ. काय खा, कधी झोप, सासूबाईंशी कसं बोल, हे सगळं मीही इतकी वर्षं अगदी गाळून तिला देत आले आहे.

"बोल आई," ती म्हणाली.

"तूच बोल आज," मी म्हटलं.

 ती हळूहळू बोलायला लागली, आणि माझा चहा निवून गेला.