गुडघ्यातलं पिंपळपान
भाचीच्या नामकरणाच्या पत्रिका करायच्या म्हणून परवा बाबांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे बाहेर काढला. गुडघ्याच्या बरोब्बर मधे पिंपळाच्या पानाचं भोक आहे, ते बहिणीच्या लग्नाच्या वेळचं. तेव्हा पत्रिका मी घरीच करणार होते आणि कागदावर नक्षी उठवायचा साचा आणायला मालाडच्या एका दुकानात गेले होते. साचे होते, पण सगळे गणपतीचे. मी म्हटलं, "लग्न बौद्ध पद्धतीनं आहे, पिंपळाचं पान नाही का?" दुकानदार म्हणाला, "तसलं कोण मागत नाय, ताई. गणपतीच घ्या ना, शोभून दिसेल." "शोभेचं आमचं आम्ही बघू," म्हणून मी निघाले. घाटकोपरला घरी येऊन सांगितलं, तर बाबांनी हा एक्स-रे पुढे केला. "गुडघा काय आता बरा होत नाय. काप." ब्लेडनं पान कापलं, एक्स-रे खिडकीच्या काचेला चिकटवला, वर कार्ड धरलं आणि आईच्या विणायच्या सुईच्या बोथट टोकानं कडेकडेनं दाबत गेले. कार्ड उलटलं तर पान छान उठलं होतं, फक्त शेंडा भलतीकडे वळलेला. मागून दाबलं की नक्षी उलटी उठते, हे ध्यानातच आलं नव्हतं. बहीण म्हणाली, "राहू दे गं, झाडावरची पानं काय एकाच बाजूला बघतात?" सगळ्या पत्रिका तशाच गेल्या. काल कार्डाचा कागद आणायला त्याच दुकानात गेले, तर दुकानदारानं मला ओळखून आपणहून पिंपळपानाचा नवाकोरा साचा काउंटरवर ठेवला. मी तो त्याच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "तसलं कोण मागत नाय."