गॅसवाला पाचवर, ताई आठवर

माझ्या मुलीचं बारसं मोबाइलच्या एका बटणामुळे मोडता मोडता राहिलं. बटण आठ नंबरचं होतं आणि त्यात त्याचा काहीही दोष नव्हता.

फोन दिला होता माझ्या मेव्हण्याने. सुधीर म्हणजे शैलाचा भाऊ, पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. त्याची कंपनी त्याला अधूनमधून परदेशी धाडायची. शैलाला डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे बाळंतपण पुण्याला माहेरी न होता इथेच, हैदराबादेत होणार होतं. "भाऊजी, वेळेला उपयोगी पडेल," असं म्हणून सुधीरने खोकं माझ्या हातात ठेवलं. तेव्हा बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत एकाच माणसाकडे मोबाइल होता आणि तो त्याला कोणाला हात लावू देत नसे. आईने आधी फोन देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, मग विचारलं, "ह्याची वायर कुठाय?"

"वायर नसते, आई."

"मग आवाज कुठून येतो?"

मी वर बोट दाखवलं. आईने आभाळाला हात जोडले. (मीही जोडणार होतो, पण शैला बघत होती म्हणून राहिलो.)

फोनबरोबर एक जाडजूड पुस्तक होतं. ऑफिसातून आलो की हातपाय धुऊन मी त्याचा एकेक अध्याय पोथीसारखा वाचत असे आणि थक्क होत असे. काय काय येत होतं त्या एवढ्याशा वस्तूला! बंद करून ठेवला तरी गजराच्या वेळेला तो आपला आपण जागा व्हायचा. मी तीनदा बंद करून पाहिला, तीनदा जागा झाला. मला जन्मात जमलं नाही ते! शिवाय प्रत्येक माणसाला वेगळी धून देता यायची. फोन खिशातून बाहेर न काढता कोण बोलावतंय ते कळणार! मी सुधीरला बासरी दिली. साहेबांना घंटेचे टोल दिले. आणि ताईला दिला सायरन.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, पुष्पा. राहते कुकटपल्लीला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. पण लग्न होऊन गेल्यापासून तिचा रोज सकाळी सातला फोन. मोबाइल आल्यावर तो मोबाइलवर यायला लागला, एवढाच फरक.

"काय करायलास?"

"झोपलोय."

"ऊठ मग."

झालं बोलणं! मी उठायचो. बासरीने मी उठलो नसतो, म्हणून सायरन. यात अपमानाचा हेतू तसूभरही नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे.

पुस्तकातला सगळ्यात अद्भुत अध्याय मात्र बटणांचा होता. एक बटण दाबून धरायचं की आख्खा नंबर आपोआप लागतो! एक नंबरचं बटण कंपनीने निरोपांसाठी राखून ठेवलं होतं. उरली दोनपासून नऊपर्यंत आठ. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि बाळंतपण डोळ्यांसमोर ठेवून अत्यंत शास्त्रीय मांडणी केली. दोनवर घर, तीनवर डॉक्टरीणबाई, चारवर ऑफिस. ऐन वेळी घरात गॅस संपला तर पंचाईत नको म्हणून पाचवर गॅसवाला पुल्लय्या. सहावर सुधीर. सातवर रिक्षावाला यादगिरी, कारण दवाखान्यात जायचं तर तोच. आठवर ताई. नऊवर साहेब, चुकून हात लागू नये म्हणून कोपऱ्यात.

आता ताई आठवर का? तर तिला फोन करायची वेळ माझ्यावर कधी येतच नसे! रोज सकाळी तीच करायची. हे इतकं सरळ होतं की कोणाला समजावून सांगावं लागेल असं माझ्या मनातही आलं नाही.

मुलगी झाली. सगळं सुखरूप पार पडलं, फोनने आणि यादगिरीने आपापली कामं चोख केली. सातव्या दिवशी ताई शैलासाठी अळिवाचे लाडू घेऊन आली. रविवारी, बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं. आमच्यात बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, आणि ताई ही एकुलती एक आत्या. त्यासाठी तिने हिरवी साडी आधीच घेऊन ठेवली होती. ती अशी छान खुशीत असताना मला दुर्बुद्धी सुचली.

"ताई, गंमत बघ. हे नुस्तं दाबून धरायचं, की तुझ्या घरी फोन!"

"नंबर न फिरवता?" ताईचे डोळे विस्फारले. "कमाल आहे बाई! माझं बटण कुठलं?"

"आठ."

"आठ?" तिने बोटाने वरून बटणं मोजली. "दोनवर कोण आहे?"

मी सांगत गेलो. काय बोलतोय याकडे माझं लक्ष नव्हतं, मी अजूनही फोनच्या कौतुकातच होतो. घर झालं, डॉक्टर झाल्या, ऑफिस झालं. ताई मान डोलावत होती.

"पाचवर पुल्लय्या."

"कोण पुल्लय्या?"

"गॅसवाला."

पलंगावरून शैला मला डोळ्यांनी खुणावत होती, पण माझी गाडी उतारावर होती. "सहावर सुधीर, सातवर रिक्षावाला..."

"गॅसवाला पाचवर आणि मी आठवर?" ताई उभी राहिली. "बायकोचा भाऊ सहावर, मी आठवर? रिक्षावाल्याच्या पाठीमागं?"

"ताई, तसं नाही गं, हा काही मानाचा क्रम नाही..."

"मानाचा नाही तर एक-दोन-तीन कशाला लिहिलंय त्याच्यावर?"

याला पुस्तकात उत्तर नव्हतं. मी विषय बदलावा म्हणून म्हटलं, तुझ्यासाठी खास धूनसुद्धा आहे. आता तिने ती ऐकायला मागावी? तिने मागितली आणि मी ऐकवली. सायरन ऐकून बाळ दचकून रडायला लागलं, खालचे घरमालक गच्चीवर धावले, आणि ताई पायांत चपला घालू लागली.

"माझा फोन म्हणजे आग लागल्यासारखं वाटतं व्हय तुला? बरं. रविवारी पोरीच्या कानात नाव सांगायला त्या पुल्लय्याला बोलाव."

आणि ती गेली. लाडवांचा डबा मात्र ठेवून गेली. आई एवढंच म्हणाली, "डबा ठेवलाय, म्हणजे येईल परत." पण दार बंद होईपर्यंत आईच बघत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सात वाजता फोन वाजला नाही. मी साडेनऊला उठलो. ऑफिसात पोचलो तेव्हा लोक डबे उघडत होते. म्हणून त्याच संध्याकाळी मी पोथी काढून सातचा गजर लावला, आणि त्याला, का कोण जाणे, सायरनच दिला. सकाळी तो वाजला. मी डोळे न उघडता फोन कानाला लावला आणि म्हणालो, "हां ताई, उठलो." पलीकडे कोणी नव्हतं. शैला बाळाला घेऊन बसली होती, ती हसली नाही. मला फार वाईट वाटलं. यंत्राला सगळं येत होतं, पण 'काय करायलास' म्हणता येत नव्हतं.

"तिचा नंबर वर आणा आणि स्वतः जाऊन दाखवून या," शैला म्हणाली. "नाहीतर मुलीला काय हाक मारायची? 'ए, तू' म्हणून?"

मी कामाला लागलो. घर काढलं आणि दोनवर ताईला बसवलं. फोनला मराठी येत नव्हती, त्यामुळे सगळी मंडळी इंग्रजी अक्षरांत आणि त्याच क्रमाने, एकाखाली एक. यादीतून पुष्पाताई निवडली, ओके दाबलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी स्कूटरवर कुकटपल्ली गाठली. दार दाजींनी उघडलं. दाजी म्हणजे ताईचे यजमान. बोलतात कमी आणि वर्तमानपत्राआडून बोलतात.

"ताई, चूक झाली माझी. दोनवर आणलंय तुला. सगळ्यांच्या वर! बघ आता."

मी त्यांच्या दिवाणखान्यातल्या फोनसमोर उभा राहिलो आणि दोनचं बटण दाबून धरलं. ताई हाताची घडी घालून आपल्या फोनकडे बघत होती. मीही बघत होतो. दाजींनीसुद्धा पेपर खाली केला. तो फोन ढिम्म! आणि माझ्या हातातून खणखणीत तेलुगू आवाज आला, "हलो? एवरंडी? गॅसा?"

यादीत पुष्पाताईच्या बरोबर वर पुल्लय्या होता. माझं बोट एक ओळ आधीच थांबलं होतं.

"म्हणजे पाचवरून दोनवर चढवलास त्याला!" ताई म्हणाली.

"आता लागलाच आहे," दाजी पेपर वर करत म्हणाले, "तर आमचाही एक सिलिंडर सांगून टाका."

मी खरोखर सांगून टाकला. त्या घरात त्या दिवशी माझ्याकडून झालेलं ते एकच उपयुक्त काम. ताई आत निघून गेली, ती मी स्कूटर चालू करेपर्यंत बाहेर आली नाही.

शनिवारी मी यादी तीनदा तपासून दोनवर खरीखुरी ताई बसवली, पण बटणांवरचा माझा विश्वास उडाला होता. पाळणा आला, घुगऱ्यांसाठी हरभरे भिजले. शैलाने बाळासाठी नाव काढून ठेवलं होतं, मुक्ता. ते सांगायला माणूस नव्हतं. आईने दोनदा विचारलं, "काय म्हणाली ताई?" आणि मी दोनदा पाणी प्यायला आत गेलो.

रविवारी गजराच्या आधीच मला जाग आली. सातला पाच मिनिटं होती. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो आणि एकेक आकडा दाबत ताईचा नंबर लावला. सात वाजता, तिच्या वेळेला, मी.

"हलो," ताई म्हणाली.

"काय करायलीस?"

"कितवं बटण दाबलास?"

"बटण नाही. सगळे आकडे दाबले."

"बघून?"

"पाठ आहे."

"म्हण बघू."

मी म्हटला. न अडखळता.

"सुधीरचा म्हण."

"नाही येत."

"त्या पुल्लय्याचा?"

"नाही गं. तुझाच तेवढा येतो. बाकी सगळ्यांसाठी हे यंत्र लागतं."

हे बोलून मी स्वतःच चकित झालो, कारण ते खरं होतं. आठ अध्याय वाचून जे कळलं नव्हतं ते गॅलरीत उभ्याउभ्या कळलं. माझा आवाज जरा ओला झाला होता, ताईचाही असावा, कारण ती एकदम ओरडली, "मग हे मंगळवारी सांगायला काय झालं होतं? आंघोळ कर. निघते मी!"

आली. हिरवी साडी नेसून, पाळण्यासाठी मोगऱ्याच्या माळा घेऊन, दाजींना पुढे घालून. पाळण्यावर ओणवी झाली, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन "कुर्रर्र" म्हणाली, आणि रिवाजाप्रमाणे मागे उभ्या असलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. शैलाने घातलेल्या बुक्क्याचा आवाज जरा मोठा आला. ताई हसत सुटली. मुलीला नाव मिळालं. मी इतका हलका झालो की घुगऱ्या तीन वेळा मागून घेतल्या.

मग ताईने माझ्या खिशातून फोन काढून घेतला आणि जमलेल्या बायकांना दाखवायला लागली. "हे दोन आहे ना, हे मी आहे. नुस्तं दाबून धरायचं. सगळ्यांच्या वर मी!" बायका तोंडात बोट घालून बघत होत्या. कोणी दोनला हळूच हात लावून पाहिला. मला अगदी कृतार्थ वाटलं. इतक्यात पाळण्याची दोरी धरून बसलेल्या आईने विचारलं, "दोनवर आधी कोण होतं रे?"

"घर," मी म्हणालो.

"घरी फोन केला तर कोण उचलतं?"

"...तू."

"म्हणजे मी होते." आईने दोरीला एक झोका दिला. "आता कुठाय मी?"

पंचवीस बायका माझ्याकडे बघत होत्या. मी घाईघाईने म्हणालो, "आठ रिकामं आहे, आई!"

"आईला आठवर?" ताई किंचाळली. "मी उठले तिथं आईला बसवायलास?"

"राहू दे गं," आई म्हणाली. "मी आपलं सहज विचारलं."

आईचं 'सहज विचारलं' काय असतं, ते ज्याला आई आहे त्याला सांगायला नको. सोमवारी ऑफिसला दांडी मारून मी नारायणगुड्यातली फोनची दुकानं पालथी घालत होतो. शेवटच्या दुकानदाराला मी हळू आवाजात विचारलं, "भाई, ज्याच्यावर दोन नंबरची दोन बटणं आहेत, असा एखादा फोन मिलेगा क्या?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि आपलं स्टूल माझ्यापुढे सरकवलं.

"बैठो साब," तो म्हणाला. "पैले पानी पियो."