सुजाताच्या सायकलचा पहिला गिअर

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. जिच्या बाबतीत ती घडली तिला सांगितली, तीही फार उशिरा, आणि तिच्यानंतर आता तुम्हाला. मधे कुणी नाही. सख्खा भाऊ नाही, कॉलेजातले मित्र नाहीत, आणि ज्यांच्याबरोबर दर रविवारी सायकल चालवतो ती मंडळी तर नाहीतच. त्यांच्यात माझं नाव चांगलं आहे. चढावर कोणता गिअर टाकायचा ते मास्तरांना विचारा, असं नव्याने आलेल्याला सांगतात. मीही सांगतो, हौसेने सांगतो. आणि सांगताना दर वेळी एक पेचकस आठवतो... पण थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही.

मी धुळ्याला राहतो. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बायको सुजाता मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. तिचं माहेर नशिराबादचं. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. त्याच सुमारास डॉक्टरांनी मला साखरेवरून दम भरला, आणि आम्ही दोघांसाठी गिअरच्या सायकली घेतल्या. डोंगरात चालवायच्या असतात तसल्या — जाड टायरच्या, पुढे तीन दातेरी चकत्या, मागे सात.

मी लगेच त्याचा अभ्यास केला. स्वभावच तो. पुढची चकती जितकी लहान तितका पाय हलका. मागे बरोबर उलटं, चकती जितकी मोठी तितकं हलकं. चढ दिसला की तो सुरू होण्याआधी गिअर बदलायचा. पायावर पूर्ण जोर आल्यावर बदलायला गेलं की चेन कुरकुरते, कधी निसटते. पाय भराभर फिरले तरी चालतील, गुडघ्यावर भार नको. हे सगळं मी सुजाताला फळ्यावर शिकवावं तसं शिकवलं. ती ऐकून घ्यायची, मान डोलवायची. सोनगीरपर्यंतच्या सपाट रस्त्यावर आम्ही महिनाभर सराव केला. मी पुढे, ती मागे. मला ते आवडायचं. का आवडायचं, हे तेव्हा स्वतःला विचारलं असतं तर? नाही विचारलं.

मग एका रविवारी आम्ही धुळ्यातल्या सायकलवाल्यांच्या गटाबरोबर लळिंगच्या घाटाला गेलो. धुळ्याच्या बाहेर पडलं की हायवेवर लागतो तो. फार मोठा घाट नाही, पण बाजूने ट्रक घरघरत चढत असतात आणि सायकलवाल्याला तो संपता संपत नाही. मी मधल्या चकतीवरच राहिलो. सगळ्यात हलका गिअर टाकणं मला कमीपणाचं वाटत होतं. दुसऱ्यांना नेमकं उलटं शिकवणारा मी! सुजाताने मात्र मी सांगितलं होतं तसं केलं. चढाच्या आधीच पुढे एक नंबर, म्हणजे सगळ्यात लहान चकती, आणि मग पाय कसे फिरत राहिले तिचे, शिवणयंत्राच्या सुईसारखे. अर्ध्या घाटात ती माझ्या बाजूने पुढे गेली. जाताना माझ्याकडे बघून हसली. चिडवणारं हसू नव्हतं ते. आपल्याला जमतंय म्हणून झालेला आनंद होता, आणि तो ती मला दाखवत होती.

मी धापा टाकत वर पोचलो तेव्हा सगळे तिच्याभोवती होते. लहानपणी ती वडिलांच्या मोठ्या सायकलच्या नळीखालून पाय घालून, कैची मारत दळण आणायची, हे ती त्यांना सांगत होती. मला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला! आमच्या गटात सगळ्यात वडील आहेत नाना, शेती सांभाळून सायकल चालवतात. ते मला अहिराणीत म्हणाले, "मास्तर, सूनबाई तं तुमनापेक्षा भारी शे."

सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घ्यायचं? मलाही तसंच वाटत होतं. घरी येताना मी स्वतःला तेच सांगत होतो. पण आठवडाभर ते वाक्य कानात राहिलं. वर्गात, स्टाफरूममध्ये, जेवताना. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. उलट ती पुढच्या रविवारची वाट बघत होती.

आता सांगतो.

त्या आठवड्यात एका दुपारी मी घरी होतो आणि ती शाळेत होती. मी सायकली धुवायला काढल्या. पुढच्या चकत्यांवर चेन इकडून तिकडे ढकलणारा एक लहानसा पिंजरा असतो. त्याला दोन बारीक स्क्रू असतात. चेन आतल्या बाजूला कुठपर्यंत जाऊ द्यायची ते त्यातला एक ठरवतो. तो आवळला की चेन लहान चकतीवर उतरतच नाही, मधलीवरच अडून राहते. हँडलवरचा आकडा मात्र एक दाखवतो. खटका दाबल्याचा आवाजही येतो. नव्या माणसाला काही कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की आज पाय जड आहेत.

मी चष्मा लावला, पेचकस घेतला आणि तो स्क्रू आवळला. पायडल फिरवून बघितलं, चेन खाली उतरत नाही याची खात्री केली. मग सायकल पुसून जागेवर ठेवली.

रागाच्या भरात केलं असं म्हणायचीसुद्धा सोय नाही. मला राग आलेला नव्हता. मी शांत होतो. पुढे काय होणार हे मला नीट माहीत होतं, ते माझ्या विषयातलंच होतं.

रविवारी सुजाता अर्ध्या घाटात उतरली. सायकल हातात धरून, ट्रकांच्या धुरात, ती चालत वर आली. मी वर उभा होतो. मी तिला पाणी दिलं. म्हणालो, होतं असं एखाद्या दिवशी, झोप झाली नसेल.

पण ते एखाद्या दिवसाचं राहिलं नाही, हे वेगळं सांगायला नको. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. सायकलींची देखभाल घरी मीच करायचो, त्यामुळे दुकानदाराच्या नजरेला यायचाही प्रश्न नव्हता. तिने एकदा विचारलं होतं, सायकलीत तर काही नाही ना? मी तिच्यासमोर चाक फिरवून दाखवलं, चेनला तेल घातलं आणि सांगितलं — सायकल उत्तम आहे. मग ती डॉक्टरकडे गेली. रक्त थोडं कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज रात्री जेवण झालं की तिला गोळीची आठवण कोण करायचं? मी. न चुकता. गटात मी सांभाळून घेतल्यासारखं बोलायचो, तिला चढ झेपत नाही, तिची गाडी आपली सपाट रस्त्याची. लोकांना मी समजूतदार नवरा वाटायचो. तिलाही वाटायचो. हे सगळ्यांत वाईट.

स्क्रू परत सैल करायचं मनात यायचं का? यायचं. पण आता केलं तर तिला संशय येईल, असं मी स्वतःला पटवायचो. खरं कारण तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. दर रविवारी घाटमाथ्यावर मी तिची वाट बघत उभा राहायचो, आणि ती जागा मला हवी होती.

अशी दोन वर्षं गेली. मग तिच्या शाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती. संस्थेच्या लोकांनी तिला बोलावून विचारलं. तिच्याइतकं योग्य त्या शाळेत कुणी नव्हतं, हे मी नवरा म्हणून सांगत नाही. त्या संध्याकाळी ती ओट्यापाशी भरताची वांगी भाजत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "मी त्यांना नाही सांगून आले."

मी विचारलं, का?

"लळिंगचा एवढासा घाट होत नाही मला. शाळा कुठून ओढू? माझ्यात दम नाही, हे आता कळलंय ना."

ती हे रडून बोलली असती तर बरं झालं असतं. तिने ते वांग्याचं साल सोलत, साधेपणाने सांगितलं. हिशेब लागल्यासारखं. मी खुर्चीत बसून ऐकत होतो. एका घाटापुरता केलेला खोटेपणा घाटातून उतरून तिच्या अंगात कधी शिरला? मला तेवढंच हवं होतं का? नाही. पण मला काय हवं होतं याने काय फरक पडतो?

दुसऱ्या दिवशी मी स्क्रू सैल केला. तिला काही सांगितलं नाही. संस्थेकडे जाऊन पुन्हा बोल, असं दोनदा म्हणालो, पण ती तयार झाली नाही, आणि जागेवर दुसरं कुणी आलं. स्क्रू सैल केल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ती घाट चढली. एकदाही न उतरता. वर पोचल्यावर तिने हँडलवर डोकं टेकवलं, आणि मग मला म्हणाली, की तुम्ही रोज आठवण केलीत म्हणून गोळ्या लागू पडल्या.

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी मान हलवली. आणि त्यानंतर आणखी काही वर्षं ती मान तशीच हलत राहिली.

मग गेल्या हिवाळ्यात सुजाताने शाळेतल्या आणि कॉलनीतल्या काही बायकांना रविवारी सोबत आणायला सुरुवात केली. त्यातली ज्योती शाळेतच शिपाई आहे. भाच्याची गिअरची सायकल घेऊन यायची. लळिंगला ती दर वेळी मधेच उतरायची. एकदा घाटाच्या कडेला बसून ती म्हणाली, "मनामा दमच नही शे, मॅडम."

माझ्यात दमच नाही, सुजाताचंच ते वाक्य. सुजाता तिच्याशेजारी बसली आणि तिला समजावू लागली. माझंही असंच होतं, रक्त तपासून घे, लोहाच्या गोळ्या सुरू कर, वेळ लागतो पण होतं. किती मायेने सांगत होती! मी दोन हात अंतरावर उभा होतो. माझं खोटं ती खरं मानून दुसरीच्या हातात देत होती. आणि ती दुसरी ते तिसरीला देणार होती.

मी सुजाताला बाजूला बोलावलं आणि सांगितलं. सगळं. स्क्रूपासून, नानांच्या वाक्यापासून. शब्द धड जुळत नव्हते. ट्रक जात होते, त्यामुळे काही गोष्टी दोनदा सांगाव्या लागल्या. अशा गोष्टी दोनदा सांगणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

ती तिच्या सायकलपाशी जाऊन उकिडवी बसली. पिंजऱ्याकडे बोट करून म्हणाली, "कोणता?"

मी दाखवला. तिने माझ्या पिशवीतून पेचकस घेतला, स्क्रू स्वतः आवळला, मागचं चाक उचलून पायडल फिरवलं आणि एक नंबरचा खटका दाबला. चेन मधल्या चकतीवरच फिरत राहिली. ती ते बघत राहिली. मग स्क्रू सैल केला. चेन खट्‌ करून लहान चकतीवर उतरली. तिने पुन्हा आवळला, पुन्हा सैल केला.

"माझ्यात दम नाही असं मी म्हणायचे, तेव्हा तुम्ही दर वेळी समोर होतात."

मी हो म्हणालो.

ती उठली आणि ज्योतीकडे गेली. तिला म्हणाली, गोळ्यांचं मी सांगितलं ते राहू दे, आधी तुझी चेन कुठल्या चकतीवर आहे ते बघू. ज्योतीच्या सायकलीत काही बिघाड नव्हता. ती चढ अंगावर आल्यावर गिअर बदलायला जायची आणि तो पडायचाच नाही, एवढंच. सुजाताने तिला खालपर्यंत परत नेलं, चढाच्या आधी गिअर टाकायला लावला, आणि तिच्या मागे मागे राहून पूर्ण घाट चढवला. वर गेल्यावर ज्योती नुसती हसत होती. मी त्या दोघींच्या बराच मागे होतो.

त्यानंतर दोन महिने सुजाता माझ्याशी कामापुरतं बोलली. आता बोलते. पूर्वीसारखं नाही, पण बोलते, आणि कधी कधी हसतेही. तिच्या सायकलीला मी हात लावत नाही. तिची देखभाल ती करते, बाकीच्या बायकांच्या सायकलींचीही तीच करते. नव्या बायकांना गिअर शिकवताना ती आधी त्यांना खाली बसवून पिंजऱ्याचे दोन्ही स्क्रू दाखवते, कशाने काय होतं ते सांगते. हे मला का दाखवताय, असं कुणी विचारलं तर म्हणते, माहीत असावं.

शाळेची जागा यंदा पुन्हा रिकामी झाली. या वेळी कुणी बोलावायची तिने वाट बघितली नाही, स्वतः जाऊन सांगितलं. जूनपासून ती मुख्याध्यापिका आहे. सकाळी तिची घाई असते, दारातून सायकल काढताना ती गुणगुणत असते.

हे लिहू का, असं मी तिला विचारलं होतं. ती वह्या तपासत होती. म्हणाली, "लिहा. पण चूक झाली असं लिहू नका. मी केलं, असं लिहा."

मी केलं. ही खुर्ची तिला आधीच मिळायला हवी होती. मधली वर्षं तिची होती, ती मी घेतली, आणि ती परत देण्याजोगी वस्तू नाही.