हळदीच्या मांडवातलं रक्त

आगबोट मुरूडसमोर थांबली आणि पडाव (उतारू किनाऱ्याला नेणारी होडी) आला, तेव्हाच मला या फेरीचा संशय आला होता. मी गणिताचा मास्तर. माझा मित्र डॉक्टर माधव याने मला 'समुद्राची हवा खायला' बोलावलं होतं, आणि माधव कुणाला फुकट हवा खाऊ घालणारा नाही.

तसंच निघालं. टांग्यातून आगरदांड्याला जाताना नारळी-पोफळीच्या वाड्या बघू म्हटलं, तर हा आपलं संशोधन सांगत बसला. पोटात व्रण झालेली माणसं एकीकडे, धडधाकट माणसं दुसरीकडे. प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर घ्यायचा, रक्ताचा गट ठरवायचा. एखादा गट आजाऱ्यांत फारच जास्त दिसला, तर त्याचं दुखण्याशी काही नातं असावं. मग त्या गटाच्या माणसांना वेळीच जपायला सांगता येईल. त्याला 'ओ' गट तसा दिसला होता. त्रैराशिकं तपासायला मी हवा होतो.

गाव आमच्याकडे तिरकं बघत होतं. नवा धक्का बांधायचं घाटत होतं आणि खांब उभा राहायला माणसाचं रगत लागतं, असं बोललं जाई. त्यात हा सुई घेऊन फिरणारा डॉक्टर. मी त्यांच्या जागी असतो तर दारच उघडलं नसतं.

गणपत नाखव्याने मात्र उघडलं. त्याचं पोट जुनं दुखणाईत, माधवच्या औषधाने उतार पडलेला. त्याची मुलगी चांगुणा हिने तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील वाढले. बोंबील इतके कुरकुरीत, की मी तिसऱ्यांदा मागून घेतले. पण घरात कुणी नीट बोलेना. शेवटी गणपतच म्हणाला, "डाक्टर, तुमी दवाखान्यात चार लोकांम्होरं बोललात, माज्या पोरीचं रगत माज्यासारखंच, या दुखण्याचं. ते उरनला पोचलं."

चांगुणाचा साखरपुडा उरणच्या घरात झाला होता. मासळीच्या होड्यांबरोबर बातमी गेली होती आणि दुसऱ्या दिवशी मुलाचे काका लग्न मोडायचं की ठेवायचं ते ठरवायला येणार होते. माधवचा चेहरा उतरला. मला त्याचा रागच आला. दवाखान्यात तोंड सांभाळायला कुठली पदवी लागते?

संध्याकाळी मी त्याला खोदून विचारलं, तुझी धडधाकट माणसं आणलीस कुठून? तो जरा खुलला. बाजूच्या कोळीवाड्यात हळद होती. एरवी सुई बघून पळणारे लोक, पण मांडवात नवऱ्याच्या बापाने आधी बोट पुढे केलं, मग बाकीच्यांना नाही म्हणायची लाज वाटली. अख्खा मांडव तपासून झाला.

मी त्याला तसाच उठवून त्या घरी नेलं. चहा आला. चहा देणारी नवऱ्याची आत्या, कप उचलणारा चुलतभाऊ, ओट्यावर जाळं विणणारा मामेभाऊ. सगळ्यांची हनुवटी एकच. मी यजमानांना विचारलं, त्या दिवशी मांडवात गावातली कोण कोण होती? ते अभिमानाने म्हणाले, "गाव कशाला? सगली आमचीच भावकी!"

माधवने कप खाली ठेवला. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण याची सगळी शितं एकाच भांड्यातली. रक्ताचा गटही हनुवटीसारखाच घराण्यात उतरतो, आणि त्या भावकीत 'ओ' गट मुळातच कमी. आणि रोगी तर दहा गावांचे. त्यांच्यात तो जास्त दिसला, यात पोटाच्या व्रणाचा काय संबंध?

दुसऱ्या दिवशी उरणचे काका ओटीवर बसले. माधवने सरळ कबूल केलं, की तुलना चुकली आणि आपण नको तिथे बोललो. नातं खरं ठरलं असतं तरी त्या गटाची बहुतेक माणसं ठणठणीतच असतात, हेही सांगितलं. मला बरं वाटलं. काका हसले आणि म्हणाले, "म्हंजे पोरीचं रगत चांगलं. मंग लगीन पक्कं."

चांगुणा आत गेली आणि साखरपुड्याची साडी घेऊन आली. ती त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "आज रगत चांगलं ठरलं. उद्या मला पोर झालं, तर त्याचं बोट टोचून मंग पालन्यात घालाल. ही परत न्या."

गणपतने पोटावर हात दाबून धरला होता. तो एवढंच म्हणाला, "पोरगी बोलली, तेच माजं."

मला फार वाईट वाटलं. माधवने आकडे खोडले, पण खोडून काय होणार? मोडलेलं लग्न थोडंच जुळणार होतं?

निघायच्या आधी माधवने काम नव्याने मांडलं. रोगी ज्या गावांचे, धडधाकट माणसंही त्याच गावांतली, आणि एका घरातून एकच. मुरूडच्या किनाऱ्यावर आम्ही पडावाची वाट बघत होतो. तिथेच चांगुणा मासळीच्या पाट्या उतरवून घेत होती. माधवचं तिच्याकडे बघायचं धाडस होईना. तीच हात पुसत आली आणि तिने बोट पुढे केलं.

"आमच्या घरातलं माजं घ्या," ती म्हणाली. "पन नाव लिवू नका."

माधवने काचेवर नुसता एक आकडा घातला. त्याच्या कामाचा मला पहिल्यांदाच संशय आला नाही.