मला न झालेली कावीळ

"तुमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत," डॉक्टर म्हणाल्या आणि मला तिथेच रडू फुटलं.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी ट्वेल्व्ह, साखर. चारही नॉर्मल. बाकीचे लोक हे ऐकून पेढे वाटतात. मी मात्र आठवडाभर मनात म्हणत होते, निदान थायरॉइड तरी निघू दे. म्हणजे लोकांना सांगायला एक नाव मिळेल.

ठाण्यातल्या कोपरीच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला रडू दिलं आणि मग कागदावर लिहून दाखवलं, 'पोस्ट-अक्यूट विथड्रॉवल'. म्हणजे गोळी सुटल्यावरचा पहिला जोराचा त्रास संपतो आणि त्याच्यामागे जो रेंगाळतो, तो. "तुमच्या मेंदूला दोन वर्षं बाहेरून आराम मिळत होता. स्वतःचा आराम, स्वतःचा आनंद तयार करायचं काम त्याने कमी करून टाकलं. ते पुन्हा सुरू व्हायला काही आठवडे लागतात, कधी बरेच महिने. तुम्ही आळशी झालेल्या नाही."

ते शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

गोळीचं नाव ट्रामाडॉल. ओपिऑइड जातीची, म्हणजे अफूच्या कुळातली वेदनाशामक गोळी. मी डोंबिवलीच्या एका शाळेत पहिलीला शिकवते. पहिलीचा वर्ग म्हणजे दिवसभर वाकणं. मणक्यातली गादी सरकली आणि गोळी सुरू झाली. लिहून दिली होती थोड्या दिवसांसाठी. कंबरदुखी थांबली, गोळी थांबली नाही. जुन्या चिठ्ठीवर मिळत गेली आणि मी घेत गेले. तिच्यामुळे कंबरेखेरीज बाकीचंही दुखायचं थांबायचं. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली, घर रिकामं झालं, ते दुखायचं थांबलं. एकीच्या दोन कधी झाल्या आणि दोनाच्या पुढे कुठे गेल्या, हे मी नवऱ्यालाही कळू दिलं नाही.

शेवटी त्याला कपाटात रिकाम्या पट्ट्या सापडल्या. मग सोडली ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करत. तरी शेवटची बंद झाल्यावरचे दहा-बारा दिवस फार वाईट गेले. नाक गळत होतं, पोट बिघडलं होतं, अंगावर काटा उभा राहायचा, पाय एका जागी ठरत नव्हते. पण त्या दिवसांना निदान शेवट होता.

शाळेत आणि सोसायटीत काय सांगायचं, यावर माझ्या नवऱ्याने, सुहासने, तोडगा काढला. "कावीळ सांगू. कावीळ म्हटलं की दीड-दोन महिने कोणी काही विचारत नाही."

मी लगेच हो म्हटलं. आमच्यासारख्या घरात बाईला गोळ्यांची सवय लागली असं सांगायची पद्धत नाही. कावीळ चालते. काविळीला इभ्रत आहे.

पण काविळीबरोबर काय काय येतं, हे आम्ही दोघंही विसरलो. समोरच्या दारी परब काकू राहतात. सत्तरीला आलेल्या, मूळच्या कणकवलीकडच्या, कोणाच्याही घरात हक्काने शिरणाऱ्या. त्यांनी त्याच दिवशी माझं तेल-तूप बंद केलं. सकाळी उसाचा रस, दुपारी मुळ्याच्या पाल्याची भाजी आणि ताकभात. एवढ्यावर भागलं नाही. मुलाच्या गाडीत घालून मला बाळकुमला एका आजोबांकडे कावीळ उतरवायला नेलं. त्यांनी कसल्याशा झाडाच्या मुळांच्या तुकड्यांची लहानशी माळ माझ्या डोक्यावर ठेवली. कावीळ उतरते तशी माळ वाढत खाली सरकते, म्हणे. माझी माळ पाच दिवसांत कमरेपर्यंत आली. काकूंनी ती अख्ख्या मजल्याला दाखवली. मला न झालेली कावीळ रीतसर उतरली होती.

एरवी या गोष्टीवर मी आठवडाभर हसले असते. तेव्हा हसू आलंच नाही, आणि मला नेमकं तेच सांगायचं आहे. दुःख होतं असंही नव्हतं. आमरस खाल्ला, गोड आहे हे कळलं, पण आवडला नाही. मुलीचा फोन आला की ती कधी ठेवते याची वाट बघायचे. सकाळी दात घासायला जायचे आणि ब्रश हातात धरून बाथरूमच्या स्टुलावर बसून राहायचे. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. केस विंचरले की दमायला व्हायचं. मला भीती वाटायची की माझं असं कायमचंच झालं. गोळी घेणारी मी बरी होते, निदान मुलांना हसवत तरी होते.

दोन महिने झाले आणि काविळीची मुदत संपली. शाळेत रुजू झाले, आठवड्यात पुन्हा रजा टाकली. मुख्याध्यापिका फोनवर म्हणाल्या, "अहो, काविळीचा रिपोर्ट तर नॉर्मल आला ना?" मी हो म्हणून फोन ठेवला. आता सुहासचाही धीर सुटला. "मीनल, आता थोडं तूही मनावर घे ना," तो म्हणाला. मी हातातली काचेची ताटली आपटली. मग त्यानेच काचा गोळा केल्या आणि मला अजूनच वाईट वाटलं.

त्यानंतरच त्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी ते नाव कागदावर लिहिलं. त्यांनी मनाच्या औदासीन्यासाठी औषध दिलं, समुपदेशकाकडे पाठवलं, ठरल्या वेळी उठायला आणि रोज थोडं चालायला सांगितलं. निघताना एक ताकीद दिली. "आता चुकूनही जुन्या मापाने गोळ्या घेऊ नका. शरीराची सवय मोडली आहे. तेवढ्याच घेतल्यात तर श्वास मंदावेल, जीवावर बेतेल."

पुढच्याच आठवड्यात, दुपारी, परब काकू आल्या. मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"अगं, किती दिवस अशी पडून राहणारेस? काविळीने अंगातला दम गेलाय तुझ्या, दुसरं काही नाही," असं म्हणत त्यांनी उशाशी एक पट्टी ठेवली. "माझ्या गुडघ्यांची गोळी आहे. एक घे. बघ कशी तरतरी येते."

तीच गोळी. नाव वाचायचीही गरज नव्हती.

काकू गेल्या. मी पाणी आणलं. मन घट्ट करून पट्टी कचऱ्यात टाकली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी दोन गोळ्या काढून तळहातावर घेतल्या. दोनांनी माझं काय होणार, असा हिशेब सुद्धा करून झाला होता. मला घाम फुटला आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा कशाची तरी मनापासून इच्छा झाली. ती या गोळ्यांची होती.

डॉक्टरांची ताकीद आठवली, नाही असं नाही. पण मला थांबवलं ते वेगळ्याच विचाराने. आज नाही घेतली, तर काकू उद्या पुन्हा आणतील. प्रेमाने आणतील. मला कावीळ झाली होती असं समजणाऱ्या बाईला गोळी न देण्याचं काय कारण? आणि रोज नाही म्हणण्याएवढी ताकद माझ्यात नव्हती. ती ताकद नाही, हे मला अगदी स्वच्छ दिसलं.

मी सुट्ट्या दोन गोळ्या आणि पट्टी मुठीत धरून समोरचं दार वाजवलं. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. कावीळ नव्हती, याच गोळ्या होत्या, दोन वर्षं घेत होते, आता सोडल्यात, आणि तुम्ही पुन्हा मला देऊ नका.

काकूंनी विचारलं, "म्हणजे बाळकुमची माळ?"

"उगाचच, काकू."

त्या रागावतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी मला आत ओढलं, दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसल्या. 

"सकाळची घ्यायची राहिली ना," हळूच म्हणाल्या, "की माझं नाक गळतं. पोटात ढवळतं. मला वाटायचं, सर्दीच आहे." त्यांनी माझ्या मुठीतली पट्टी काढून घेतली. "मी तीन घेते गं दिवसाला. कधी चार. सुनेला माहीत नाही. तुझी डॉक्टर मला बघेल का?"

मी त्यांना एवढंच बजावलं की तोवर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

यातून जाणाऱ्यांना मी काय सांगणार? मी अजून पूर्ण बरी नाही. काही दिवस बरे जातात, काही सकाळी अजून स्टुलावर जातात. परवा आमटी मनापासून आवडली, तर मी सुहासला ऑफिसात फोन करून सांगितलं. पण निदान घराबाहेरच्या एका तरी माणसाला खरं सांगा. न सांगून मी वाचत नव्हते. उलट, न सांगितल्यामुळेच गोळी माझ्या उशाशी येऊन पोचली होती.

काकूंसाठी डॉक्टरांची वेळ मिळाली त्या गुरुवारी आम्ही दोघी ठाण्याला निघालो. फाटकाशी तळमजल्यावरच्या वहिनी भेटल्या. "काय, सकाळी सकाळी दोघी कुठे?"

गुडघे, असं सांगायला मी तोंड उघडलं. काकूंनी माझा हात धरला.

"गोळ्या सोडवायला," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "हिच्या सुटल्या, आता माझ्या."